रेंज नसल्याचा पंचनामा

पेपरात कुठं ‘सरेंडर’ हा शब्द दिसला की ती घटना मला आजही आठवते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरीही. बाकी लोक त्या शब्दाखाली जंगलातून बंदुका टाकून आलेल्यांचे फोटो पाहतात. मला एक मोटर दुरुस्त करणारा मिस्त्री दिसतो.

ते कापसाचे वाईट दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या, जंगलाच्या कडेच्या एका ठाण्यात मी ठाणेदार म्हणून रुजू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. मी नगरकडचा. इथली बोली मला निम्मी कळायची, निम्मी आमचे जमादार समजावून सांगायचे. जमादार इथलेच, निवृत्तीला आलेले, पायांनी सगळा बीट तुडवलेले. त्या काळात मर्ग रजिस्टर, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंदवही, कपाटात जायचीच नाही, टेबलावरच पडून असायची. माणूस न सांगता घरातून गेला अशी खबर आली की आम्ही वाट पाहत नसू. हरवल्याची नोंद रायटर लिहीत बसायचा आणि शिपाई दोर आणि गळ घेऊन विहिरींकडे निघायचे. असं वागणं कुणी शिकवलं नव्हतं, अंगवळणी पडलं होतं. आज ते लिहितानाही भीती वाटते.

एका सकाळी हजेरी चालू असताना एक बाई व्हरांड्यात येऊन उभी राहिली. जमादारांनी तिला ओळखलं. बाजारपेठेत मोटर वाइंडिंगचं दुकान असलेल्या मुसलमान मिस्त्रीची ती बायको. विहिरीवरची मोटर जळाली की सगळी पंचक्रोशी त्याच्याकडे धाव घ्यायची. जमादार तिला भाभी म्हणाले, बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही. नवरा काल सकाळी सायकल घेऊन गेला तो आलाच नाही, असं ती म्हणाली. भांडण नव्हतं, दारू नव्हती. जाताना काही बोलले का, असं मी विचारलं.

“म्हणे, मले सरेंडर व्हा लागते. तू भिऊ नोको, पोराइले सांगू नोको.”

मी आणि जमादारांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्री कोणत्याही गुन्ह्यात आम्हाला हवा नव्हता. मी रायटरला दोनदा रजिस्टर पाहायला लावलं. वॉरंट नाही, समन्स नाही, साधी अदखलपात्र तक्रारसुद्धा नाही. मग हा माणूस कोणासमोर आणि कशासाठी शरण जाणार होता?

हळूहळू बाईकडून हकीकत निघाली. दीड वर्षापूर्वी बाजारात एका कंपनीच्या एजंटानं दुकान थाटलं होतं. हँडसेट आत्ता घ्या, दर महिन्याचं भाडं भरा, तीन वर्षांचा करार. मिस्त्रीनं विचार केला की फोन असला तर शेतातून बोलावणं लगेच येईल, काम वाढेल. फोन आला, पण दुकानात त्याला रेंजच नव्हती. बोलायचं तर गावामागच्या टेकडीवर चढावं लागे. त्यात शेतकऱ्यांच्याच हातात काही उरलं नव्हतं, मोटर जळाली तरी ती तशीच पडून राहायची. मिस्त्रीला हा फोन सोडून साधं रिचार्जचं कार्ड घ्यायचं होतं. तो एजंटाकडे गेला तर एजंट म्हणाला, मुदतीआधी सोडलंस तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं एकदम भरावं लागेल, वर दंड. मिस्त्री मुकाट परत आला. त्यानंतर टेकडीवर त्याला फोन येऊ लागले. यवतमाळहून, एस. पी. ऑफिसातून बोलतोय, तुझ्यावर केस झाली आहे.

मी बाईला विचारलं, फोनवाला नेमकं काय म्हणायचा? तिनं ऐकलं नव्हतं, नवऱ्यानं सांगितलं तेवढंच तिला ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात राहिली होती. नवरा घरी येऊन म्हणाला होता, कसले पोलीस हे, माझ्या बापाचं नावही त्यांनी चुकीचं घेतलं. मी ते वहीत लिहून ठेवलं.

मग जमादार दुकान पाहून आले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले की विहिरीतून मोटर वर ओढायचा जाड दोर खुंटीवर नाही. तो दोर मिस्त्री कधी कोणाला देत नसे. बाईनं ऐकलं नसावं अशी माझी समजूत होती. तिनं ऐकलं होतं. ती भिंतीला टेकून हळूच खाली बसली.

कोणत्या विहिरींवर तो कामाला जायचा, असं मी शेजारच्या सायकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, या भागातली एकबी विहीर त्यानं पाह्यली नाई असं नाई.” हे उत्तर मला नको होतं. आम्ही दोन पथकं केली. एक पथक घेऊन मी निघालो. पहिल्या दोन विहिरींत पाणी गुडघाभरच होतं, वरून तळ दिसत होता. तिसरी खोल होती, काठावर सायकलच्या चाकाचा ओरखडा होता. गळ टाकला, फिरवला, आणि तो अडकला. चौघांनी दोर धरला. ओझं वर येऊ लागलं. मी ठाणेदार, मी पुढं असायला हवं होतं, पण मी एक पाऊल मागं सरकलो आणि डोळे मिटले. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. वर आलं ते गाळानं भरलेलं खताचं पोतं. एक शिपाई हसला आणि गळ सोडवू लागला.

उन्हात उभं राहून मी स्वतःलाच विचारलं की मी मेलेल्या माणसाला शोधतोय की जिवंत? पोलिसाला अनुभव आला की तो शहाणा होतो असं म्हणतात. खरं म्हणजे तो पुष्कळदा एकाच वाटेनं जायला लागतो. विहिरींचं काम दुसऱ्या पथकावर सोपवून मी ठाण्यात परतलो आणि मिस्त्रीच्या घरून कराराची प्रत मागवली.

प्रत इंग्रजीत होती, बारीक टायपात. वर मिस्त्रीचं नाव, आणि वडिलांच्या नावाच्या जागी भलतंच नाव. बहुधा फॉर्म भरणाऱ्यानं घाईत शेजारच्या फॉर्मवरून उतरवलेलं. मी भाभीला मिस्त्रीच्या वडिलांचं खरं नाव विचारलं, मग फॉर्मवरचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, हेच, फोनवाल्यानं हेच नाव घेतल्याचं नवरा सांगत होता.

गावात कोणीही मिस्त्रीच्या बापाला त्या नावानं ओळखत नव्हतं. रेशनकार्डावर ते नाव नव्हतं, मतदार यादीत नव्हतं. ते फक्त त्या फॉर्मवर होतं. म्हणजे एस. पी. ऑफिसातला हा ‘साहेब’ मिस्त्रीला ओळखत होता तो फॉर्मपुरता.

एजंटाला आणायला फार वेळ लागला नाही. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात लोणी. मला कंपनीची नवी योजना समजावून सांगू लागला. चौकशीत मी कधी हात उगारला नाही असं लिहिलं तर खोटं ठरेल. त्या दिवशी मात्र त्यात घालवायला वेळ नव्हता. मी त्याला एवढंच विचारलं की तो मिस्त्री तुझा ग्राहक, त्याचं बापासकट पूर्ण नाव सांग. त्यानं न अडखळता सांगितलं, तेच चुकीचं नाव. मी म्हणालो, हे नाव साऱ्या जगात दोघांनाच माहीत आहे, तुझ्या फॉर्मला आणि एस. पी. ऑफिसातून फोन करणाऱ्याला. तो छताकडे पाहू लागला. मग त्यानं पाणी मागितलं. माणसानं पाणी मागितलं की तो अर्धा बोललेला असतो, हा माझा अनुभव आहे.

पाणी प्याल्यावर तो बोलला. ग्राहक मुदतीआधी गेला की कंपनी त्याचं कमिशन परत कापून घ्यायची. म्हणून फोन सोडायला आलेल्यांना तो पोलीस बनून फोन करायचा. ‘सरेंडर’ हा शब्द त्याला कंपनीतच मिळाला होता. फोन, चार्जर जमा करून करार बंद करणं याला तिथं सरेंडर म्हणत. हा शब्द उच्चारला की गावातला माणूस गप्प होतो, हे त्याच्या ध्यानात आलं. इकडे पेपरात तो शब्द फक्त नक्षलवाद्यांच्या बातमीत यायचा. बिल भरत राहा, नाहीतर सरेंडर व्हावं लागेल, असं म्हटलं की लोक निमूट भरत राहायचे. मिस्त्रीलाही त्यानं तेच सांगितलं. मिस्त्री मात्र भरतो म्हणाला नाही. ज्याची एजंटाला अपेक्षा नव्हती तेच त्यानं विचारलं.

“तो म्हणे, साहेब, कुठं व्हाचं सरेंडर? मले काही सुचलं नाई. तोंडातून निघून गेलं, तुह्या रेंजच्या ऑफिसात हो म्हणून.”

त्याच्या डोक्यात कंपनीचं यवतमाळचं ऑफिस होतं. मी ताबडतोब तिथं फोन लावायला सांगितला. असा कोणी माणूस तिथं आला नव्हता. मी पुन्हा विहिरींच्या यादीकडे पाहू लागलो.

जमादार दाराशी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, तुमी तिकडचे, तुमाले ध्यानात नाई येणार. आपल्या इकडं रेंज ऑफिस म्हंजे फारेष्टाचं.”

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. जंगल खात्यात जंगलाचे भाग पाडलेले असतात, एकेका भागाला रेंज म्हणतात. तिथल्या साहेबाला रेंजर म्हणतात आणि त्याच्या कचेरीला सगळा भाग ‘रेंज ऑफिस’ म्हणून ओळखतो. फोनची रेंज हा शब्द गावात कालचा पोर होता, जंगलाची रेंज आज्यापणज्यापासूनची. मिस्त्रीला सरेंडर व्हायला सांगितलं होतं रेंज ऑफिसात, आणि रेंज ऑफिस म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

जीप काढली. घाटंजीच्या रस्त्यानं थोडं गेल्यावर फाट्यावरून आत सागाचं जंगल लागतं. त्या मोसमात तिथं दोन गुराखी जनावराच्या, म्हणजे वाघाच्या, तोंडातून वाचले होते. मिस्त्री काल सकाळी सायकलवर एकटा तिथून गेला असणार. वाटेत मी प्रत्येक झाडाच्या फांदीकडे पाहत होतो. दोर डोक्यातून जात नव्हता. जमादारही पाहत होते, फक्त त्यांनी मान हलवायचं टाळलं होतं.

कचेरीच्या भिंतीला सायकल टेकलेली होती. कॅरिअर रिकामं. एक वनरक्षक अंगणात खाटेवर बसला होता. आमची जीप पाहून तो खुशीत उठला. माणूस पकडलाय साहेब, म्हणाला. आठवड्यापूर्वी सागवान भरलेली बैलबंडी जंगलात टाकून दोघे पळाले होते. काल एक जण आपल्या पायानं आला आणि म्हणाला, मी सरेंडर व्हायला आलोय. वनरक्षकानं विचारलं, कोणत्या केसमध्ये? तो म्हणाला, तुम्हाला माहीत आहे साहेब. बंडी तुझी का? तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. रेंजर साहेब मीटिंगला नागपूरला गेले होते, उद्या यायचे होते, म्हणून त्याला कोठीत बसवलं होतं.

कोठीला बाहेरून कडी होती. मी ती काढली. आत मिस्त्री भिंतीशी मांडी घालून बसला होता. मांडीवर पुठ्ठ्याचा खोका, आणि खोक्याला तो जाड दोर चारी बाजूंनी घट्ट बांधलेला. माझा खाकी पोशाख पाहून त्यानं खोका माझ्याकडे सरकवला.

“सेट हाय साहेब, चार्जर हाय, खोका बी तोच हाय. बिलं बी आणली. मले मारू नोका.”

मी त्याच्याजवळ खाली बसलो. तुम्हाला कोणीही मारणार नाही, असं मी सांगितलं. त्याच्यावर केस नाही, कधीच नव्हती, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. त्यानं मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही, हे मला दिसत होतं. मग मी विचारलं, “मिस्त्री, सरेंडरच व्हायचं होतं तर ठाण्यात का नाही आलात?”

“आलतो साहेब. परवा आलतो. समोरच्या पानठेल्यापाशी दोन घंटे उभा होतो. आतून कोणी तरी लय जोरानं ओरडून राह्यलं होतं. मंग नाई आलो. फारेष्टवाले मारत नाईत म्हणते.”

परवा ओरडत होतो तो मी. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोकी फोडून आलेल्या दोघा भावांना दम देत होतो, आणि आवाज रस्त्यापर्यंत जातोय याचा मला मनातून अभिमानही होता.

अजून एक गोष्ट उरली होती. वनरक्षकानं टेबलावरचा कागद दाखवला. जबाबाचा मजकूर रेंजर साहेब आल्यावर लिहायचा होता, पण सही आधीच घेऊन ठेवली होती. पांढराशुभ्र कागद आणि तळाला मिस्त्रीची सही. उद्या त्यावर सागवानाची बंडी लिहिली गेली असती, आणि परवा हा माणूस कोर्टात उभा राहून ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाला असता. विहिरीच्या काठावरसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. वनरक्षक वाईट माणूस नव्हता, समोरून चालत आलेली कबुली कोण सोडतो? मी त्याला शांतपणे सगळं सांगितलं. त्यानं तो कागद स्वतःच्या हातानं फाडला आणि मिस्त्रीला चहा करून दिला.

एजंटावर तोतयेगिरीचा आणि धमकीचा गुन्हा दाखल केला. पुढं त्याला शिक्षाही झाली, फार मोठी नाही. पण मिस्त्रीचा करार तसाच होता. करार सोडवणं हे पोलिसाचं काम नाही, हे मला समजत होतं. तरी मी ते बारीक टायपातलं इंग्रजी दोन दिवस घेऊन बसलो, साक्षीदाराचा जबाब वाचावा तसं ओळीवर बोट ठेवून. शेवटच्या पानावर एक कलम सापडलं. नोंदलेल्या पत्त्यावर सेवा मिळत नसेल तर ग्राहकाला मुदतीआधी, काहीही दंड न भरता करार सोडता येईल. एजंटानं ते कोणाला वाचून दाखवलं नव्हतं. त्यानं स्वतः तरी वाचलं होतं की नाही, देव जाणे.

मग आम्ही पंचनामा केला. दोन पंच बोलावले, सायकलवाला आणि पानठेल्यावाला. मिस्त्रीच्या दुकानात जमादार फोन घेऊन चारी कोपऱ्यांत उभे राहिले, एकदा स्टुलावरही चढले. प्रत्येक ठिकाणी रेंज नाही असं लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या. सगळ्या नोकरीत मी रेंज नसल्याचा हा एकच पंचनामा केला. लोक हसत होते, मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी. तो पंचनामा, साधा अर्ज आणि सेट जोडून कंपनीला पाठवला, पोच घेतली. महिन्याभरात करार बंद झाल्याचं पत्र आलं. दंड नाही, भाडं नाही. पुढं आणखी पुष्कळ लोकांनी त्याच कलमावर आपले फोन सोडवले.

मिस्त्रीनं मात्र एक वेगळीच गोष्ट मागितली. कंपनीचं पत्र त्यानं खिशात घातलं आणि म्हणाला, साहेब, तुमचं बी एक लिहून द्या. आमच्याकडे असा कागद देण्याची पद्धत नाही. तरी मी लिहिलं की सदर इसम कोणत्याही गुन्ह्यात पाहिजे नाही. खाली सही केली, ठाण्याचा शिक्का मारला.

या प्रकरणानं मला जे शिकवलं ते कोणत्याही ट्रेनिंगमध्ये नव्हतं. त्या एजंटाकडे काठी नव्हती, बेडी नव्हती, लॉकअप नव्हतं. त्यानं आमची वापरली. आम्ही वर्षानुवर्षं लोकांच्या मनात जी भीती साठवून ठेवली होती, तिच्यावर त्यानं दुकान चालवलं. त्यानंतर मी ठाण्यात आवाज चढवायचं सोडलं असं म्हणणार नाही, पण चढवताना रस्त्याकडची खिडकी आठवायची.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघण्याआधी निरोप घ्यावा म्हणून मी साध्या कपड्यांत मिस्त्रीच्या दुकानात गेलो. तो मोटर उघडून बसला होता. मला पाहताच उठला, तेलाचे हात फडक्याला पुसले, आणि मी काही बोलायच्या आत शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी फक्त भेटायला आलो होतो. पण मी तो कागद घेतला, उघडला, माझंच अक्षर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि ठीक आहे म्हणून परत दिला. तपासलं नसतं तर तो खाली बसला नसता.